शून्यसरांची सरकलेली रेघ

शून्यसरांच्या डाव्या गुडघ्यावर, पँटच्या आत, चुंबकाचा पट्टा होता. बायकोखेरीज ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. कुणाला कळली असती तर सरांनी लगेच राजीनामा दिला असता असं नाही, पण त्या दिशेने विचार नक्की केला असता.

कारण सरांनी सगळी हयात कॉलेजात वीज आणि चुंबकत्व शिकवण्यात घालवली होती, आणि त्यातला एक तास ते दरवर्षी चुंबकी उपचारांची सालटी काढण्यासाठी राखून ठेवत. रक्तात लोह असतं म्हणून चुंबक लावल्यावर रक्त धावत सुटत नाही, हे ते इतक्या गंभीर चेहऱ्याने समजावत की शेवटच्या बाकावरची मंडळीही त्या दिवशी जागी असत. हाच तास घरी त्यांचा मेव्हणा वर्षातून अनेकदा, न मागता ऐकत असे. मेव्हण्याचा धंदाच चुंबकी वस्तूंचा होता: उशा, गाद्या, मनगटातली कडी, गुडघ्याचे पट्टे. दोघं एका टेबलावर जेवायला बसले की सरांची बायको आधी मीठ मध्ये ठेवी आणि मग स्वतः मध्ये बसे.

मग गुडघा दुखू लागला. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, वय आहे. निदान सरांना पटलं. उपाय विचारला तर डॉक्टरांनी जिने टाळायला सांगितलं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि प्रयोगशाळा तळघरात. एका सकाळी बायकोने चहाच्या कपाशेजारी तो पट्टा ठेवला आणि म्हणाली, घाला, माझा भाऊ काही बघायला येत नाहीये. सरांनी वाद घालायला तोंड उघडलं, वाद केवढा लांबेल याचा अंदाज घेतला, आणि पट्टा घातला.

थोड्याच दिवसांत गुडघा दुखायचा थांबला. सरांच्या दृष्टीने हा त्या पट्ट्याचा सर्वात आक्षेपार्ह गुण होता. ऊब मिळते, सांध्याला आधार मिळतो, चुंबकाचा यात काही संबंध नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आतल्या चकत्या काढून टाकून, नुसता कापडी पट्टा घालून हे तपासता आलं असतं. पण गुडघा दुखत नसताना माणूस इतका शास्त्रीय राहत नाही.

आता शून्यसर हे नाव. मोजायचं कुठलंही उपकरण हातात आलं की आधी त्याचं शून्य घ्या, म्हणजे मोजायला काहीच नसताना ते काय दाखवतं ते बघा, हे वाक्य त्यांनी इतक्या पिढ्यांना ऐकवलं होतं की खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. या नावात आणखी एक बोच होती, ती पोरांना ठाऊक होती आणि सरांनाही: त्यांची डॉक्टरेट झालेली नव्हती. तरुणपणी सुरू केली होती. पहिले मार्गदर्शक वारले, दुसरे नोकरी सोडून गेले, मग सासूबाईंचं आजारपण आलं, मग मुलीचं शिक्षण, मग स्वतःचा कंटाळा. या सगळ्यांत कंटाळा जास्त टिकला.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा त्यांची एक जुनी विद्यार्थिनी त्याच संस्थेत प्रयोगशाळेची प्रमुख होऊन आली. तिने सरांना सांगितलं, तळघरातलं यंत्र धूळ खात पडलंय, तुमचं अर्धं काम झालेलंच आहे, माझ्याकडे नाव नोंदवा. अशा रीतीने सर आपल्या विद्यार्थिनीचे विद्यार्थी झाले. ते तिला मॅडम म्हणत, ती त्यांना सर म्हणे. ते तिच्या खोलीत शिरले की ती उठून उभी राही, कारण सर आले. आणि ते बसत नसत, कारण मॅडम उभ्या. त्यामुळे दोघांचा सगळा शास्त्रविचार उभ्यानेच चाले.

यंत्र म्हणजे माणसाहून उंच असा एक पोलादी खांब, आतली हवा पंपाने उपसलेली. वरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि खाली पडद्यावर पडतात. वाटेत केसाहून बारीक तार असते आणि तिच्यावर विद्युतभार दिलेला असतो. त्यामुळे झोताच्या दोन शाखा होतात, एक तारेच्या या अंगाने जाते, एक त्या अंगाने, आणि खाली दोन्ही पुन्हा भेटतात. भेटल्या की पडद्यावर उजेडाच्या आणि अंधाराच्या रेघा उमटतात, कारण इलेक्ट्रॉन हा कण असला तरी चालतो लाटेसारखा. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तरी हळूहळू त्याच रेघा भरत जातात. म्हणजे एकटा इलेक्ट्रॉनही दोन्ही वाटांची दखल घेतो. कसा, हे विचारायचं नसतं. सरांनी तरुणपणी विचारलं होतं.

सरांचा प्रयोग त्या तारेच्या आडोशाला ठेवलेल्या एका अतिसूक्ष्म वेटोळ्यावर होता. वेटोळ्यात वीज सोडली की त्याच्या पोटात चुंबकी क्षेत्र तयार होतं, पण ते सगळं आतच कोंडलेलं; बाहेर, जिथून इलेक्ट्रॉन जातात, तिथे काही नाही. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे क्षेत्र नाही तिथे जोर नाही, आणि जोर नाही तर इलेक्ट्रॉनला फरक पडायचं कारण नाही. क्वांटम सिद्धांत म्हणतो, पडतो. इलेक्ट्रॉनची वाट तसूभरही ढळत नाही, फक्त त्याच्या लाटेचा ठेका बदलतो, आणि तेवढ्यानेच पडद्यावरच्या रेघा बाजूला सरकतात. हे इतरांनी पूर्वीच दाखवून दिलं होतं. सरांना फक्त ते मोजायचं होतं, पूर्वीपेक्षा जरा बारीक.

बायकोला त्यांनी हे एकदा समजावून पाहिलं. बंद खोलीत दोघं भांडतायत, दार लावलेलं, आवाज जराही बाहेर येत नाही, आणि तरी बाहेरून जाणाऱ्याची चाल बदलते, असं काहीसं. बायको म्हणाली, यात शोध कसला लागला, मला तर जिन्यातल्या पावलांवरून कळतं तुमचा दिवस कसा गेला ते. सर म्हणाले, पावलांचा आवाज येतो ना, मग ते उदाहरण बाद. बायको म्हणाली, बरं.

मोजमापाची सरांची स्वतःची पद्धत होती. वेटोळ्यातली वीज कमीजास्त करायचं गोल बटण त्यांच्या टेबलावर, खांबाला लागूनच होतं. ते शून्यावर आणलं की वीज बंद व्हायला हवी. पण बटणांवर लिहिलेल्या शून्यावर सरांचा विश्वास नव्हता. शून्य घ्यायचं तर ते खरं हवं. म्हणून दर मोजमापाआधी ते उठत, समोरच्या भिंतीपाशी जाऊन वेटोळ्याचा मुख्य स्विचच बंद करत, लांब तारेच्या खटक्याने तिथूनच फोटो घेत, मग स्विच चालू करून परत येत, डावा पाय खांबाच्या अगदी जवळ घेऊन बसत आणि दुसरा फोटो घेत. दिवसभर अशी उठबस. पट्टा नसता तर ती त्यांना झेपलीच नसती.

आणि या मोजमापांत रेघ जास्तीची सरकत होती. सिद्धांत सांगतो तेवढी, आणि वर आणखी थोडी. दोन रेघांमधल्या अंतराचा जेमतेम विसावा भाग, पण दर वेळी, आणि दर वेळी एकाच बाजूला. सरांनी चुका शोधायला सुरुवात केली. पंपाची थरथर पाहिली, खोलीचं तापमान पाहिलं, लिफ्टच्या मोटारीवर संशय घेतला. लिफ्ट दुपारभर बंद ठेवायला लावली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी त्यांचा उद्धार केला. रेघ काही ऐकेना. शेवटी त्यांनी ती मॅडमना दाखवली. ती उभ्यानेच बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, हे कुणाकडेच नाहीये."

सरांना आनंद झाला असं म्हणायचं, तर तो त्यांनी फार थकल्यासारखा साजरा केला. त्या संध्याकाळी जिना चढताना ते मध्ये थांबले नाहीत, एवढंच. पण आत काहीतरी जागं झालं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी शोधलेलं तिसऱ्यांना सांगितलं होतं. आता एक लहानशी गोष्ट अशी होती जी सगळ्यांच्या आधी त्यांनी पाहिली होती. मॅडमने शोधनिबंध लिहायला घेतला, पहिलं नाव सरांचं. सर निवृत्त झाले की तळघरातली ती खोली अडगळीला जायची होती. ती टिकावी म्हणून मॅडम वरच्या समितीकडे अर्ज करत होती, आणि त्या अर्जाचं पहिलं वाक्यही तिने याच रेघेचं केलं.

निबंधात एक देखणं चित्र हवं, म्हणून तिने सरांना सगळे फोटो एकावर एक रचून त्यांची सरासरी काढायला सांगितली: वीज बंद असतानाचे एकत्र, चालू असतानाचे एकत्र. एरवी सर फक्त मधली रेघ मोजत. रेघांचा सगळा घोळका ज्या चौकटीत बसतो तिच्या कडा एकेका फोटोत इतक्या धूसर असत की त्यांच्याकडे बघण्यात अर्थ नसे. सरासरीत त्या कडा स्पष्ट झाल्या. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. चहा घेतला. पुन्हा पाहिलं.

चौकट हलली होती.

रेघा चौकटीच्या आतल्या आत सरकल्या तर ती क्वांटमची करामत, इलेक्ट्रॉन वाट न सोडता बदलले. पण चौकटच सरकली, तर कुणीतरी इलेक्ट्रॉनना सरळ ढकललं. साधं क्षेत्र, साधा जोर, दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम. जेवढी रेघ जास्तीची होती, नेमकी तेवढीच चौकट सरकली होती. म्हणजे खोलीत कुठेतरी एक चुंबक होता, आणि तो फक्त वीज चालू असतानाच खांबाजवळ येत होता.

सरांनी कपाटातून क्षेत्र मोजायचा लहान मापक काढला आणि खोली धुंडाळली. खुर्ची लाकडी होती, पण मापक म्हणाला, आहे. टेबलाजवळ, आहे. दाराच्या बिजागरीजवळ, आहे. सगळ्यात रिकाम्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी नुसती हवा मोजली; हवेतही होतं. मापकच बिघडला म्हणावा, तर तो टेबलावर ठेवून मागे सरलं की काटा खाली बसे. सर जवळ गेले, काटा उठला. मागे आले, काटा बसला. असं त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळा केलं.

ज्या माणसाचा गुडघा दुखत नाही त्याला आपल्याला गुडघा आहे याची आठवण राहत नाही. सरांना ती आता झाली.

ते खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. खरं शून्य घ्यायला ते भिंतीपाशी जात तेव्हा चुंबक त्यांच्याबरोबर लांब जाई. वीज चालू करून परत येत तेव्हा तो खांबाच्या अगदी जवळ येई. बटणावर विश्वास ठेवून जागच्या जागी बसणाऱ्या आळशी माणसाच्या हातून ही चूक झाली नसती.

सरासरीची चित्रं अजून त्यांच्याखेरीज कुणी पाहिली नव्हती. सुट्या फोटोंत चौकट कुणाला दिसणार नव्हती. आणखी काही महिन्यांनी ते निवृत्त होणार, खांब तिथेच राहणार, आणि एखाद्या विसाव्या भागासाठी कोण पुन्हा इतकी उठबस करणार होतं? सरांनी या विचाराकडे कानाडोळा केला नाही. सुट्टीचे दोन्ही दिवस त्यांनी तो सगळ्या बाजूंनी नीट पाहिला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, पोट बिघडलंय. पण एक अडचण होती. रेघ आता त्यांना दिसेनाशी झाली होती. डोळे मिटले की तिच्या जागी गुडघा येई.

सुट्टी संपल्यावर ते मॅडमच्या खोलीत गेले. ती उठली. पडद्यावर अर्ज उघडा होता, तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. समितीची बैठक जवळ होती.

"बस गं," सर म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ती बसली. मग ते बसले.

"मॅडम, ती रेघ माझी आहे."

"तुमचीच आहे, सर. पहिलं नाव तुमचंच घातलंय."

"तसं नाही."

त्यांनी दोन्ही चित्रं तिच्यापुढे ठेवली. चौकट तिला एका नजरेत दिसली, हुशार होतीच. पण ढकललं कुणी, ते चित्रांत नव्हतं. सर वाकले आणि, निवृत्तीला आलेल्या माणसाला शोभेल इतपत सावकाश, त्यांनी पँटचा डावा पाय गुडघ्याच्या वर गुंडाळला.

ती बघत राहिली. चुंबकी उपचारांवरचा तो तास तिनेही ऐकला होता, आणि पहिल्या बाकावरून. ती हसली असती तर सरांनी वाईट वाटून घेतलं नसतं.

"दुखतो का अजून?" तिने विचारलं.

"नाही. तोच तर घोटाळा आहे."

मग ती हसली, आवाज न करता, आणि ते हसू लगेच संपलं. ती पडद्याकडे वळली. अर्जाचं पहिलं वाक्य तिने पुसलं. दुसरं वाक्य पहिलं झालं. ते काही फार भरदार वाक्य नव्हतं. त्यात पंपाच्या देखभालीचा उल्लेख होता.

"माझ्यामुळे खोली जाणार," सर म्हणाले.

"खोली तशीही जाणारच होती, सर. आपण मध्ये जरा आशा केली."

सगळी मोजमापं परत घ्यावी लागतील, ती म्हणाली. सर म्हणाले, घेतो. पट्टा काढून, ती म्हणाली. अर्थात, सर म्हणाले. मग ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, निदान स्विचसाठी उठू नका, टेबलावरचं बटण शून्यावर आणा, चालेल तेवढं.

"त्या बटणाचं शून्य खरं नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मीच तपासलंय."

पट्टा घरी राहिला आणि दुखणं रजा संपवून परत कामावर रुजू झालं. सर टेबलाची कड धरून उठत, भिंतीपर्यंत जात, स्विच बंद करून क्षणभर भिंतीला टेकून उभे राहत, आणि परत येत. खांबाचा आधार घ्यावासा वाटे, पण खांबाला हात लावायचा नसतो. संध्याकाळी जिन्यात ते आता दर वळणावर थांबत. बायको वरून वाकून बघे.

एका दुपारी मॅडम तळघरात आली, भिंतीपाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, सांगाल तेव्हा बंद करते. त्या दुपारी सरांना उठावं लागलं नाही. प्रयोगशाळेची प्रमुख स्विच दाबत होती आणि तिचा विद्यार्थी तिला सांगत होता, अगं जरा हळू, झटका बसतो. दुसऱ्या दिवशी तिला समितीपुढे जायचं होतं. सर एकटेच उठले, एकटेच बसले.

जास्तीचा भाग गेला. रेघा सिद्धांत सांगतो तिथे मुकाट्याने जाऊन उभ्या राहिल्या आणि चौकट जागची हलली नाही. जगाला जे आधीच ठाऊक होतं ते थोड्या जास्त बारकाईने पुन्हा सिद्ध झालं. डॉक्टरेटला तेवढं पुरतं. समितीने खोलीबद्दल 'योग्य वेळी विचार करू' असं कळवलं. संस्थेत वावरलेल्या माणसाला याचा अर्थ विचारावा लागत नाही.

प्रबंधातल्या चुकांच्या प्रकरणात सरांनी एक वाक्य घातलं: प्रारंभीच्या निरीक्षणांत प्रयोगकर्त्याच्या गुडघ्यावरील चुंबकी पट्ट्यामुळे झोत विचलित झाला होता, ती निरीक्षणं बाद केली आहेत. मॅडमने सुचवलं होतं, 'बाह्य क्षेत्रामुळे' एवढं पुरे. सर म्हणाले, कुठलं बाह्य ते लिहायला हवं, नाहीतर पुढचा माणूस उगाच लिफ्ट बंद करेल.

बातमी बायकोमार्फत मेव्हण्यापर्यंत गेली. तो जेवायला आला, टेबलावर बसला, आणि मीठ मध्ये यायच्या आतच म्हणाला, "भाऊजी, म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्राला आमचा पट्टा लागू पडला."

"पडला," सर म्हणाले.

मेव्हणा ज्या शब्दाची वर्षानुवर्षं वाट बघत होता तो असा आयता पुढ्यात पडल्यावर त्याचं काय करायचं ते त्याला कळेना. प्रबंधातलं ते वाक्य दुकानात लावायला मिळेल का, असं विचारायचा त्याचा बेत होता. सरांचा चेहरा बघून त्याने पाणी मागितलं. जेवण उरकलं. जाताना दारात तो बहिणीला हळूच म्हणाला, की भाऊजींचं काही ठीक दिसत नाही, पूर्वी निदान भांडायचे तरी.

तो गेल्यावर बायकोने भांडी आवरायला घेतली. सर पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसले होते.

"मग शेवटी निघालं काय तुमचं?" तिने विचारलं.

"जे होतं तेच."

"म्हणजे बरोबर निघालं."

"हो."

"मग तोंड का असं?"

सर टेबलावर सांडलेले कण बोटाने एका जागी गोळा करत राहिले. मग म्हणाले, "मधले काही दिवस मला वाटत होतं, एक गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. बाकी जगात कुणालाच नाही."

बायकोने हात पुसले आणि ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. कशी होती, ती म्हणाली, मला दाखवा तरी. सरांनी कण बाजूला केले आणि टेबलाच्या मोकळ्या जागेवर नखाने एक रेघ ओढली. रेघ इथे असायला हवी होती, ते म्हणाले. मग तिच्या अगदी शेजारी, जवळजवळ तिच्यावरच, दुसरी ओढली. आणि ती इथे होती.

"एवढीशी?"

"एवढीशी."

टेबलावर काही उमटलेलं नव्हतं. तरी बायको वाकून त्या जागेकडे बघत राहिली.